झी झी टॉपचा 'एलिमिनेटर': समीक्षकांची पसंती, जुन्या चाहत्यांची नाराजी आणि ब्लूजचा प्रश्न

टिळकवाडीचा श्रोता (बेळगाव)

नमस्कार मंडळी. टिळकवाडीत आम्ही काही स्नेही महिन्यातल्या एका रविवारी एकत्र बसतो, एखादा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत मध्ये न थांबता ऐकतो आणि मग त्यावर चर्चा करतो. आमच्यापैकी बहुतेकांचा कान मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व आणि जुनी नाट्यपदे यांवर तयार झालेला आहे, परंतु अलीकडे आम्ही पाश्चात्त्य संगीतही तितक्याच मनापासून ऐकू लागलो आहोत. पुढच्या बैठकीसाठी मी अमेरिकेतल्या टेक्सासमधील झी झी टॉप या त्रिकुटाचा १९८३ सालचा 'एलिमिनेटर' हा अल्बम सुचवला आणि त्यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत.

माझे म्हणणे असे की या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रती खपल्या, 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने २००३ मध्ये काढलेल्या पाचशे श्रेष्ठ अल्बमच्या यादीत त्याला स्थान मिळाले आणि बिली गिबन्स यांची गिटार त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत ब्लूजचीच, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकगायनातून आलेल्या संगीताचीच, भाषा बोलते. तेव्हा ब्लूज-रॉकची ओळख करून देण्यासाठी तो योग्य आहे. आमच्यातील एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांनी नोकरीनिमित्त मुंबईत असताना सत्तरच्या दशकातील पुष्कळ रेकॉर्ड जमवल्या, त्यांना हे मुळीच मान्य नाही. यंत्राच्या ठेक्यावर बेतलेले ते पॉप संगीत आहे, त्यावर गिटार नुसती वरून चढवलेली आहे, आणि खरा झी झी टॉप ऐकवायचा असेल तर १९७३ चा 'त्रेस ओंब्रेस' लावा, असे ते ठामपणे सांगतात. त्यावर मी पेटीचे उदाहरण दिले. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दूर ठेवले, तरी आज तिच्यावाचून आपल्या मैफली होत नाहीत. मग नव्या वाद्यांना एवढा विरोध कशासाठी? पण त्याने त्यांचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही पूर्ण झाले नाही.

समीक्षकांनी उचलून धरलेल्या या अल्बमवर जुने चाहते अजून का रुष्ट आहेत, त्यांचा आक्षेप केवळ आवडीनिवडीचा आहे की त्यामागे सांगीतिक कारण आहे, आणि एकच अल्बम ऐकवायचा असेल तर आपण कोणता निवडाल? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

कॅम्पातला संग्राहक (बेळगाव)

समीक्षक एका बाजूला आणि चाहते दुसऱ्या बाजूला अशी मांडणी आपण केली आहे, ती मला थोडी बदलून घ्यावीशी वाटते. सत्तरच्या दशकात हा बँड अमेरिकेच्या दक्षिणेत मोठमोठी मैदाने भरवत होता, तरी समीक्षकांनी त्यांना फारसे मानाचे पान वाढले नव्हते. मळलेल्या वाटेवरून चालणारा टेक्सासचा बूगी (ब्लूजवर बेतलेला नाचरा ठेका) वाजवणारा बँड, अशीच त्यांची गणना होत असे. म्हणजे ज्या संगीताला आज जुने चाहते अस्सल म्हणतात त्याची कदर तेव्हा त्या चाहत्यांनीच केली होती. पुढे १९८३ मध्ये त्याच बँडने वेगळा पोशाख केला आणि सगळे जग त्यांच्याकडे वळले, तेव्हा ज्यांनी त्यांना आधी जपले त्यांच्या मनाला ते लागले. ही नाराजी समजून घेतली पाहिजे, तिला हेका म्हणणे अन्यायाचे होईल.

मात्र बदल एका रात्रीत झाला हे खरे नाही. बिली गिबन्स (गिटार), डस्टी हिल (बेस) आणि फ्रँक बिअर्ड (ड्रम्स) यांचा बँड ह्यूस्टनमध्ये १९६९ च्या सुमारास उभा राहिला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी दीर्घ विश्रांती घेतली आणि १९७९ मध्ये नव्या कंपनीतर्फे 'देग्वेयो' काढला. त्यात ब्लूज गिटारवादक एल्मोर जेम्सशी कायमचे जोडले गेलेले 'डस्ट माय ब्रूम' आहे. तोवर पाय पूर्णपणे ब्लूजमध्येच रोवलेले होते. १९८१ च्या 'एल लोको'मध्ये सिंथेसायझरचा (विजेवर चालणाऱ्या कळफलकाचा) शिरकाव झाला आणि 'एलिमिनेटर'मध्ये त्याने घराचा ताबा घेतला. मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओत, बिल हॅम यांच्या निर्मितीखाली आणि टेरी मॅनिंग यांच्या तांत्रिक देखरेखीत हा अल्बम तयार झाला आणि २३ मार्च १९८३ रोजी बाजारात आला.

आता नाराजीचे दुसरे कारण. अमेरिकेत एमटीव्ही ही गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी वाहिनी १९८१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली होती आणि तिला सतत नवी दृश्ये हवी होती. टिम न्यूमन यांनी 'गिम्मी ऑल युवर लव्हिन', 'शार्प ड्रेस्ड मॅन' आणि 'लेग्ज' या तीन गाण्यांचे व्हिडिओ केले. त्या तिन्हींत गिबन्स यांची १९३३ ची लाल फोर्ड गाडी, लांब दाढ्या आणि तीन तरुणी पुन्हा पुन्हा येतात. १९८४ च्या पहिल्या एमटीव्ही पुरस्कारांत 'शार्प ड्रेस्ड मॅन'ला दिग्दर्शनाचा आणि 'लेग्ज'ला समूहाच्या व्हिडिओचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली तेव्हा कॅम्पातल्या आम्हा पोरांनाही आधी ती गाडी दिसली आणि गाणी नंतर ऐकू आली. ज्यांनी 'त्रेस ओंब्रेस' रेकॉर्डवर ऐकला होता त्यांना मात्र या चित्रांमुळे संगीत मागे पडल्यासारखे वाटले, आणि त्यांचे ते वाटणे निराधार नव्हते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर या अल्बमची पहिली बाजू उत्तम आहे आणि दुसरी बाजू 'लेग्ज' संपल्यावर खाली घसरते. 'टीव्ही डिनर्स' आणि 'डर्टी डॉग' यांच्यात एका कल्पनेपलीकडे काही नाही. समीक्षकांनी सहा-सात गाण्यांच्या बळावर अकराही गाण्यांना गुण दिले, असे मला आजही वाटते. १९८५ च्या 'आफ्टरबर्नर'मध्ये हीच कृती पुन्हा वापरली गेली तेव्हा तिच्यातला कोरडेपणा उघडा पडला. त्या अल्बमचा खप दांडगा झाला, तरी त्याच्या बाजूने हिरिरीने भांडणारा श्रोता मला भेटलेला नाही.

निपाणीचा पॅडवाला

मी लग्नाच्या आणि गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो, त्यामुळे या प्रश्नाच्या ठेक्याच्या बाजूविषयीच लिहितो. आपल्या ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप मला सांगीतिक वाटतो, निव्वळ आवडीचा नाही.

'त्रेस ओंब्रेस'मधले 'ला ग्रेंज' लावून फक्त ड्रम्स ऐका. त्याला शफल म्हणतात. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग कल्पिले तर पहिला आणि तिसरा भाग वाजतो, मधला रिकामा राहतो. फ्रँक बिअर्ड तो तिसरा भाग प्रत्येक वेळी तंतोतंत एकाच जागी ठेवत नाहीत. कधी तो किंचित मागे रेंगाळतो, कधी पुढच्या ठोक्याला ढकलतो, आणि त्यामुळेच ऐकणाऱ्याची मान आपोआप हलू लागते. सुरुवातीला ते काठाच्या टकटकीवर ठेका धरतात, गिबन्स हलक्या आवाजात पुटपुटतात, आणि मग पूर्ण ड्रम्स एकदम कोसळतात. ती झेप माणसाने घेतलेली आहे हे कानाला लगेच कळते.

आता 'शार्प ड्रेस्ड मॅन' लावा. तिथे ठोक्याचे सरळ दोन समान भाग आहेत, गती मिनिटाला १२५ च्या आसपास आहे आणि दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरचा स्नेअर (करकरीत आवाजाचा ड्रम) प्रत्येक वेळी सारख्याच जोराने पडतो. 'गिम्मी ऑल युवर लव्हिन' आणि 'लेग्ज' यांची गतीही जवळपास तीच. लिंडन हडसन नावाच्या त्यांच्या एका सहकाऱ्याने लोकप्रिय गाण्यांच्या गतीचा अभ्यास करून मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास राहावे असे गिबन्स यांना सुचवले होते, असे नोंदलेले आहे. अल्बम ऐकताना त्याची खात्री पटते.

परंतु इथेच मला एक गोष्ट पुढे मांडायची आहे. आमच्या ऑर्केस्ट्रात लॅपटॉपवरची ट्रॅक लावून गाणे करायचे असेल तेव्हा मी कानात क्लिक (ठोके मोजणारी टिकटिक) घालून वाजवतो. एरवी गायक एखाद्या शब्दावर रेंगाळला की ढोलकीवाला आणि मी त्याच्यासाठी थांबतो; ट्रॅक मात्र कोणासाठीही थांबत नाही. कच्चा गायक अशा वेळी धावपळ करतो. मुरलेला गायक ओळ छोटी करतो, मध्ये श्वासाला जागा सोडतो आणि समेच्या अलीकडे-पलीकडे खेळून पुन्हा नेमका जागेवर येतो. 'एलिमिनेटर'मध्ये गिबन्स यांनी अगदी हेच केलेले आहे. 'शार्प ड्रेस्ड मॅन'मधली स्लाइडची (तारेवरून नळी सरकवून वाजवलेली) जागा पुन्हा ऐका: ठेका रेल्वेच्या रुळासारखा सरळ जातो आणि गिटार त्याच्या अर्ध्या पावलाने मागून, ओढत ओढत येते. ठेका हलला असता तर ते ओढणे जाणवलेच नसते. यंत्रामुळे या बँडने ड्रमरचा जिवंत हात गमावला हे खरे, पण त्याच यंत्रामुळे गिटारवादक काटकसर शिकला आणि 'एलिमिनेटर'मधली गिटार मला त्यांच्या कित्येक जुन्या गाण्यांपेक्षा अधिक नेमकी वाटते.

खानापूरकर

निपाणीकरांचे विवेचन वाचनीय आहे, पण त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. ब्लूजमध्ये गिटार एकटी नेमकी असून भागत नाही, तिला उत्तर देणारे कोणी तरी लागते. 'त्रेस ओंब्रेस'च्या सुरुवातीला 'वेटिन फॉर द बस' संपते आणि मध्ये श्वासही न घेता 'जीझस जस्ट लेफ्ट शिकागो' सुरू होते. त्या सांध्यावर तिघे एकमेकांकडे पाहून वाजवत आहेत असे वाटते. बेस थोडा सैल होतो, ड्रम्स मागे सरतात आणि गिटारला बोलायला अंगण मिळते. 'एलिमिनेटर'मध्ये बेसची पुष्कळशी जागा कळफलकाने घेतलेली असल्यामुळे डस्टी हिल यांचे बोलणेच हरवले आहे. मला ते फक्त 'बॅड गर्ल' या शेवटच्या गाण्यात, जिथे ते स्वतः गातात, पूर्णपणे भेटतात.

पेटीच्या उदाहरणाबद्दलही एक सांगतो. पेटी माणूस वाजवतो. तिच्यावरचा आक्षेप ठरीव स्वरांचा आणि मींड न निघण्याचा होता, साथीदार नाहीसा होण्याचा नव्हता. गायकाच्या मागे जाण्याचे काम पेटीवाल्याला करावेच लागते, आणि चांगला पेटीवाला कसा मागोवा घेतो हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. इथे साथीदाराच्या जागी आधी ठरवून ठेवलेली आकृती आली आहे, म्हणून ही तुलना मला लागू पडत नाही. बैठकीत 'त्रेस ओंब्रेस'च लावावा, तो जेमतेम पस्तीस मिनिटांचा आहे आणि त्यात भरतीचे गाणे नाही.

शहापूरची गिटारशिक्षिका

दोन्ही बाजूंनी अजून ज्या गाण्याचे नावही घेतले नाही त्याविषयी मला लिहायचे आहे. 'एलिमिनेटर'च्या पहिल्या बाजूवरचे चौथे गाणे 'आय नीड यू टुनाइट' सहा मिनिटांहून मोठे आहे, विलंबित आहे आणि त्यात ब्लूज आहे की नाही हा वादच उरत नाही. सुरुवातीला गिबन्स दोन-तीन स्वर घेतात आणि थांबतात, पुन्हा दोन स्वर घेतात आणि थांबतात. गाणे सुरू होण्यापूर्वीच रात्रीचा एकांत उभा राहतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे गाणे मुद्दाम ऐकवते, कारण तरुण मुलांना वेगाचे फार आकर्षण असते आणि एक स्वर ताणून त्याला पूर्ण पिकू देणे त्यांना शिकवावे लागते.

गिबन्स यांचा तो ओळखीचा चिरकणारा स्वर कसा निघतो हेही सांगते, म्हणजे ऐकताना लक्ष ठेवता येईल. तार छेडताना पिकच्या (तार छेडण्याच्या चकतीच्या) मागोमाग अंगठ्याची कड तारेला पुसटशी लागते, त्यामुळे मूळ स्वर दबतो आणि त्याच्या वरचा तीक्ष्ण स्वर फुटून बाहेर येतो. अंगठा जरा जोरात लागला तर तार बंदच पडते, हलका लागला तर साधा स्वर येतो. ते तारा अतिशय बारीक वापरतात. तरुणपणी ब्लूजचे थोर गिटारवादक बी. बी. किंग यांनी त्यांची गिटार हातात घेऊन, इतक्या जाड तारांवर एवढे कष्ट कशासाठी घेता, अशा अर्थाचे विचारले होते, असे गिबन्स स्वतः अनेकदा सांगतात. बारीक तारेवर स्वर बोटाने सहज वर ओढता येतो, आणि आपल्याकडील मींड ज्यांच्या कानात आहे त्यांना हे ओढणे लगेच जवळचे वाटेल.

यश मिळाल्यावर या बँडने ब्लूजकडे पाठ फिरवली, असा जो सूर लागतो तो मला खटकतो. 'एलिमिनेटर' आणि 'आफ्टरबर्नर' यांच्या खपानंतर, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, गिबन्स मिसिसिपीला गेले असता ब्लूज गायक मडी वॉटर्स ज्या लाकडी घरात राहिले होते त्याची एक तुळई त्यांना मिळाली. तिच्यापासून त्यांनी एक गिटार करवून घेतली, तिला 'मडीवुड' हे नाव दिले, आणि ती ठिकठिकाणी दाखवून क्लार्क्सडेल येथील डेल्टा ब्लूज संग्रहालयासाठी निधी गोळा केला. लोकप्रियता मिळाली नसती तर त्या संग्रहालयाला हा आधार मिळाला नसता. अल्बमचे गुणदोष वेगळे, निष्ठेचा प्रश्न वेगळा; जुने चाहते या दोन्हींची सरमिसळ करतात आणि तिथे त्यांच्याकडून अन्याय होतो.

टिळकवाडीचा श्रोता (बेळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बैठकीत 'त्रेस ओंब्रेस' संपूर्ण आणि त्यानंतर 'एलिमिनेटर'ची पहिली बाजू, असा क्रम मी मंडळींपुढे ठेवला आणि तो सर्वांनी मान्य केला. दोन शंका उरल्या आहेत. वर लिंडन हडसन यांचा उल्लेख आला, तर त्यांना श्रेय का मिळाले नाही? आणि मला 'त्रेस ओंब्रेस'ची जुनी सीडी एका परिचितांकडून मिळाली आहे, पण आमचे ज्येष्ठ सदस्य म्हणतात की ती त्यांच्या रेकॉर्डसारखी वाजत नाही, ड्रम्स पोकळ वाटतात. सीडीत काही दोष असेल का?

कॅम्पातला संग्राहक (बेळगाव)

आधी श्रेयाविषयी. हडसन हे ध्वनितंत्रज्ञ आणि गीतकार होते. 'एलिमिनेटर'ची पूर्वतयारी चालू असताना त्यांनी गिबन्स यांच्याबरोबर गाण्यांचे कच्चे आराखडे तयार केले, परंतु अल्बमवर गाणी बँडच्या तीन सदस्यांच्याच नावे छापली गेली. 'थग' या गाण्याच्या हक्कांवरून हडसन यांनी दीर्घ कायदेशीर लढा दिला आणि त्यात त्यांना भरपाई मिळाली. समीक्षकांच्या लेखांत या प्रकरणाला क्वचितच जागा मिळते याचे मला वाईट वाटते, कारण अल्बमच्या ज्या आधुनिकपणाची ते स्तुती करतात त्यात या माणसाचा वाटा आहे.

असाच श्रेयाचा वाद 'ला ग्रेंज'वरूनही झाला, म्हणजे 'त्रेस ओंब्रेस'सुद्धा त्यातून सुटलेला नाही. त्या गाण्याचा मूळ धागा ब्लूज गायक जॉन ली हूकर यांच्या १९४८ च्या 'बूगी चिलन'मधला आहे असा दावा करून त्या गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीने खटला भरला. १९९५ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने रेकॉर्डची विक्री हेच गाण्याचे प्रकाशन ठरते, त्यामुळे नोंदणीच्या नियमांनुसार हूकर यांचे ते जुने गाणे सार्वजनिक मालकीचे झाले आहे असा निकाल दिला. त्या निकालाने संगीतव्यवसायात एवढी खळबळ उडाली की १९९७ मध्ये तिथल्या संसदेला कायदाच दुरुस्त करावा लागला. तुमच्या बैठकीत 'ला ग्रेंज'च्या आधी हूकर यांचे ते गाणे अवश्य लावा. एक माणूस, एक गिटार आणि जमिनीवर आपटणारा पाय, एवढ्यावर ते उभे आहे.

आता सीडीबद्दल. सीडी सदोष नाही, पण तुमच्या ज्येष्ठ सदस्यांचा कान अचूक आहे. 'एलिमिनेटर'च्या यशानंतर १९८७ मध्ये जुने अल्बम 'सिक्स पॅक' या नावाने सीडीवर आणले गेले आणि त्या वेळी पहिल्या पाच अल्बमचे मिश्रण (वेगवेगळ्या वाद्यांची ध्वनिमुद्रणे एकत्र जुळवणे) नव्याने केले गेले. ते ऐंशीच्या दशकाला साजेसे वाटावे म्हणून ड्रम्सवर कृत्रिम घुमारा चढवला गेला. पुढे सुट्या निघालेल्या सीडींतही हेच मिश्रण राहिले, त्यामुळे जवळजवळ वीस वर्षे नव्या श्रोत्यांना मूळ 'त्रेस ओंब्रेस' सीडीवर मिळालाच नाही. 'एलिमिनेटर'बद्दल जुन्या चाहत्यांच्या मनात जो कडवटपणा आहे त्यातला मोठा भाग याच कृत्यातून आलेला आहे असे मी मानतो. नवा अल्बम आवडला नाही तर तो बाजूला ठेवता येतो, पण इथे त्यांच्या आवडत्या जुन्या अल्बमवरच हात पडला होता.

मूळ मिश्रण २००६ च्या पुनर्मुद्रणात परत आले, आणि २०१३ च्या संपूर्ण संचातही ते आहे. २००६ ची सीडी ओळखायला सोपी आहे: अल्बमची दहा गाणी संपल्यावर तिच्यात कार्यक्रमात वाजवलेली तीन जादा गाणी आहेत. ती नसतील तर 'ला ग्रेंज'चे पूर्ण ड्रम्स जिथे सुरू होतात ती जागा हेडफोनवर ऐका. प्रत्येक ठोक्यामागे रिकाम्या सभागृहासारखा घुमारा ऐकू आला तर ते १९८७ चे मिश्रण आहे. तसे असेल तर रविवारी सीडी बाजूला ठेवून ज्येष्ठांची रेकॉर्डच लावा. सुई आणि टर्नटेबल त्यांच्याकडे चालू स्थितीत नसेल तर माझे मी घेऊन येईन.